काका पडायच्या आधीचं हसू

आमच्या लग्नात उखाणा माझ्या बायकोने घेतला नाही, थोरल्या काकांनी घेतला. माझं नाव घालून, लाजत, शेवटच्या शब्दाआधी बरोब्बर थांबून घेतला. हे मी पदरचं सांगत नाही, पुरावा आहे. १९९० साली मिरजेला लागलेल्या आमच्या लग्नाचं चित्रीकरण माझ्या लॅपटॉपवर आहे. त्यात बायकोचे ओठ हलतात तेव्हा शांतता असते. मग कॅमेरा पंगतीवरून फिरत काकांपाशी येतो, काका हसायला तोंड उघडतात, आणि त्या तोंडातून तिचा तेव्हाचा कोवळा आवाज येतो. त्यावरची "वा, वा" येते तेव्हा पडद्यावर मठ्ठ्याचं पिंप असतं.

"अहो, त्या दुकानदाराकडून पैसे परत घ्या," बायको म्हणाली.

अडचण अशी की, पैसे दिले होते २००४ साली. तेव्हा गल्लीत कॅसेटची डीव्हीडी करून देणारं एक दुकान होतं. आम्ही कॅसेट दिली, आठ दिवसांनी तबकडी आली, घरी सगळ्यांनी बसून सुरुवातीची पाच मिनिटं पाहिली, "छान आलंय की" असं म्हटलं आणि तबकडी कपाटात ठेवून दिली. त्या आनंदात व्हीसीआर भंगारात गेला, कॅसेट माळ्यावर गेली आणि तिथे तिला बुरशी आली. चित्र आणि आवाज यांचं सिंक गेलेल्या फाइलचा स्वभाव मला आता कळलाय. पहिली पाच मिनिटं ती अत्यंत सज्जन असते. मुलगी बघायला गेल्यावर दोन्हीकडची मंडळी असतात तशी.

यंदा लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलांनी टूम काढली, की सगळ्या नातेवाइकांना बोलावून टीव्हीवर लग्न दाखवायचं. तबकडी निघाली. बायकोच्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत संगणकातच आहे. त्याच्याकडे फाइल पाठवली. "काका, यात काय आहे? दोन मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. संगणकवाल्याची दोन मिनिटं आणि मांडववाल्याचं "आत्ता आलो" यांत फारसा फरक नसतो, पण तेव्हा मी विश्वास ठेवला.

त्याने जे पाठवलं ते बघून सासूबाईंना ठसका लागला. गुरुजी मुंबईची लोकल पकडायची असल्यासारखे होम करत होते. सप्तपदीत आम्ही पळत होतो. आवाज मात्र मूळच्याच संथ लयीत चालला होता. दोन तासांचं लग्न एक तास चाळीस मिनिटांत उरकलं, पडदा काळा झाला, आणि त्यानंतर वीस मिनिटं काळ्या पडद्यावर नुसती माणसं बोलत राहिली. "बरं येतो मग", "या एकदा घरी", "अगं ती पिशवी घेतलीस का" असं सगळं. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या लग्नांचं इतकं वास्तववादी चित्रण मी दुसरं पाहिलेलं नाही. मांडव रिकामा झाल्यावर दारात वीस मिनिटं बोलणं चालतंच.

झालं होतं असं की, भाचा राहतो अमेरिकेत. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत पाल, तिच्यात सेकंदाला पंचवीस चित्रं. अमेरिकेची पद्धत एनटीएससी, तिच्यात २९.९७. त्याच्या संगणकाने आमची पंचवीसवाली चित्रं २९.९७ च्या वेगाने पळवली आणि आवाजाला कुणी कळवलंच नाही. बाटाच्या चपलेची किंमत वाटावी असा हा आकडा कुठून आला, म्हणून मी चौकशी केली. अमेरिकेत आधी सरळ तीस होते. १९५३ साली रंगीत टीव्हीची पद्धत ठरली. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींच्या पायात येऊन पडद्यावर ठिपके नाचू नयेत, म्हणून तिथल्या अभियंत्यांनी तिसाला हजाराने गुणून हजार एकने भागलं. हजारात एक, म्हणजे तासाला साडेतीन सेकंदांच्या थोडा वर फरक. कुणाच्या लक्षात येणार? ते अभियंते निवृत्त झाले, त्यांचे काळे-पांढरे टीव्ही संग्रहालयात गेले, आणि तीस व २९.९७ यांची गल्लत करणारी माणसं अजून सगळ्या जगात रात्री जागताहेत.

पंचवीसवाले आपण तरी फार सरळ आहोत असं नाही. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. पाल टीव्हीला पंचवीस लागतात. यावर पाल पद्धतीच्या देशांनी जो तोडगा काढला तो ऐकून मी थक्क झालो. सिनेमा थोडा पळवायचा. बस्स. अडीच तासांचा सिनेमा टीव्हीवर एकशे चव्वेचाळीस मिनिटांत संपतो आणि कुणाला कळत नाही. आवाजही सोबत पळवला, की तो चढतो. किती, तर पेटीवरच्या एका पट्टीच्या जेमतेम पाऊण. म्हणजे गाणं पांढरीतून निघतं आणि काळीपर्यंत पोचत नाही. आमची आत्या टीव्हीवरच्या सिनेमातल्या गाण्याबरोबर पेटी वाजवायला बसायची आणि दर वेळी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "हे कशातच बसत नाही रे." आम्ही पेटी दोनदा दुरुस्तीला पाठवली. तिसऱ्यांदा आत्यालाच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. आत्याचा कान शाबूत होता, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. आत्या आता नाही. पेटी आहे.

असो. भाच्याला धन्यवाद देऊन मी हे काम स्वतःच्या हातात घेतलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस जमाखर्चाचा ताळा लावू शकतो, तर चित्राचा आणि आवाजाचा का नाही, असा माझा रोकडा विचार होता. सासूबाईंनी विचारलं, "काय करतोय हा रात्रीचा?" बायको म्हणाली, "सिंक बिघडलंय, ते दुरुस्त करतायत." दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. त्याला चहा देऊन परत पाठवलं.

पहिल्या रात्री कळलं ते असं. सिंकचे आजार दोन प्रकारचे, आणि ते दोन्ही आमच्या घराच्या भिंतीवर टांगलेले आहेत. हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मुद्दाम. गाडी चुकू नये म्हणून माझ्या वडिलांनी ते तसं लावलं, तेव्हापासून घरातला प्रत्येक जण ते बघून मनात दहा वजा करतो आणि गाडी चुकवतो. पण त्या घड्याळाची चूक स्थिर आहे. सकाळीही दहा, रात्रीही दहा. माजघरातलं आजोबांचं लंबकाचं घड्याळ वेगळं. ते सकाळी बरोबर लावा, दुसऱ्या सकाळी चार मिनिटं मागे. आठवड्याने अठ्ठावीस. पहिल्याला एकदा मागे करून भागतं, दुसऱ्याच्या चालीचंच काहीतरी करावं लागतं. फाइलचंही तेच. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच उशिरा असेल, तर तो नुसता सरकवायचा. सुरुवातीला बरोबर असून पुढे पुढे मागे पडत असेल, तर त्याची चाल बदलायची. कुठला आजार आहे ते ओळखायला दोनच जागा बघाव्या लागतात, सुरुवात आणि शेवट. मी फक्त उखाणा बघितला. नवशिक्या वैद्य जसा फक्त जीभ बघतो.

व्हीएलसी नावाचा एक फुकटचा प्लेअर आहे, रस्त्यावरच्या भगव्या शंकूचं चित्र असलेला. त्यात 'जे' हे बटण दाबलं की आवाज पन्नास मिलिसेकंद अलीकडे येतो, 'के' दाबलं की तितकाच पलीकडे जातो. मी उखाण्यापाशी थांबलो, बायकोला शेजारी बसवलं आणि जे दाबू लागलो. ती मोजत होती. चौसष्टाव्या वेळी तिचा आवाज काकांच्या तोंडातून निघाला आणि तिच्या तोंडात गेला. म्हणजे चूक तीन पूर्णांक दोन दशांश सेकंदांची. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पस्तीस वर्षांनी तिने पुन्हा एकदा माझं नाव घेतलं, आणि या वेळी तिच्याच तोंडून.

मग सुरुवातीला गेलो. सीमांतपूजनाआधी गाडीपुढे नारळ फोडतात, त्या नारळाचा 'फट्' असा आवाज आला. त्यानंतर तीन सेकंदांनी माझ्या मामांनी नारळ उचलला.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. आवाज मागाहून आला तर माणूस बराच वेळ चालवून घेतो, आधी आला तर लगेच दचकतो. हे माझं मत नाही. टीव्ही प्रक्षेपणासाठी १९९८ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने जी शिफारस काढली तिच्यात दोन बाजूंना दोन वेगळ्या मर्यादा आहेत. आवाज पंचेचाळीस मिलिसेकंद जरी आधी आला तरी प्रेक्षकाला कळतं. मागाहून येणारा मात्र एकशे पंचवीसपर्यंत खपून जातो. जिनिव्हाच्या त्या तज्ज्ञांनी हे प्रयोगशाळेत शोधलं असेल, मी सांगलीला कृष्णेच्या घाटावर शिकलो होतो. पलीकडच्या काठावर कुणी कपडे धूत असे. पिळा दगडावर आपटलेला दिसे, हात पुन्हा वर जाई, आणि मग 'थाड्'. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटरच्या आसपास चालतो. काठ दोनशे मीटरवर असला तर सहाशे मिलिसेकंदांच्या जवळपास उशीर झालाच. आम्ही पोरं तासन्‌तास ते बघत बसायचो आणि एकालाही ते विचित्र वाटलं नाही. वीज आधी, गडगडाट नंतर. कृष्णामाईने आवाज उशिरा आणला, पण पिळा आपटायच्या आधी 'थाड्' असं कधी केलं नाही. केलं असतं तर आम्ही घाटावरून पळत घरी गेलो असतो.

उशिराचा आणखी एक थोर दाखला आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. मूकपट, त्यामुळे फाळक्यांना हजार त्रास झाले तरी हा एक झाला नाही. पुढे १९३१ साली 'आलम आरा' आला, भारताचा पहिला बोलपट, आणि लगेच १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तो मराठीतला पहिला. विषय तोच, हरिश्चंद्र. म्हणजे चित्र १९१३ साली आलं आणि आवाज १९३२ साली. एकोणीस वर्षं. त्या मानाने आमच्याकडचे तीन सेकंद काहीच नाहीत. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही एकोणीस वर्षं लावणार आहात का याला?"

मेव्हण्याचा प्रश्न तर अजून मिटलेला नाही. पाठवणीच्या वेळी बायको "बाबा" म्हणत रडली. मेव्हण्याने ती फाइल बघितली आणि तेव्हापासून सांगत सुटलाय, की ताई "दादा" म्हणून त्याच्यासाठी रडली. त्याच्या बाजूने एवढं सांगता येईल की, हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड या दोघा संशोधकांनी १९७६ साली नेमका असा प्रयोग छापला होता. आवाज "बा-बा" चा ऐकवला आणि चित्रात ओठ "गा-गा" म्हणणारे दाखवले. बहुतेक मोठ्या माणसांना "दा-दा" ऐकू आलं. डोळा आणि कान भांडले, की मेंदू दोघांनाही खूश करायला भलतंच तिसरं ऐकतो. यावरून कौटुंबिक वादांवर बराच प्रकाश पडतो, पण मेव्हणा कुणाचा मोठा भाऊ नसून धाकटा आहे, हे तो सोयीने विसरतो.

आता शहाणपणाने दोन टोकं पकडायची ठरवली. सिनेमावाले यासाठी क्लॅप वापरतात. पाटीवरची फळी आपटताना दिसते त्या फ्रेमवर 'टक्' असा आवाज बसवला, की पुढचं सगळं आपोआप बसतं. लग्नात क्लॅप देणारा मुलगा नसतो, पण आपटणाऱ्या वस्तूंना तोटा नसतो. सुरुवातीला मामांचा नारळ होता. शेवटी प्रीमियर पद्मिनीचं दार मिळालं. ते दार एका आपटीत कधीच लागत नसे, दोनदा आपटावं लागे, त्यामुळे खात्री करायला दोन संधी. नारळापाशी फरक शून्य. दारापाशी बरोबर पाच सेकंद. म्हणजे आजार आजोबांच्या घड्याळाचा. चाल बदलायची.

ऑडॅसिटी नावाच्या, तेही फुकटच्याच, सॉफ्टवेअरमध्ये आवाज वेगळा काढून घेता येतो आणि सूर न चढवता लांबी कमी करता येते. आत्यासाठी केव्हाच मिळायला हवं होतं असं हे सॉफ्टवेअर. दोन तासांत पाच सेकंद, म्हणजे शंभराला सात शतांश. हे बँकेच्या व्याजाइतकंच सोपं गणित. आवाज तेवढा आवळला, चित्राला जोडला. नारळ बरोबर फुटला. दार दोन्ही वेळा बरोबर आपटलं. उखाणा बघितला, तोही जागेवर. रात्रीचा दीड वाजला होता. बायकोने उठून कॉफी केली. आणि कप हातात घेऊन ती म्हणाली, "आता काकांचं बघू."

आमच्या लग्नाच्या चित्रीकरणात पाहण्यासारखं एकच आहे आणि ते लग्न नाही. थोरले काका मुलीकडच्या व्याह्यांना नमस्कार करायला तोऱ्यात पुढे येतात, हॅलोजनच्या वायरीत त्यांच्या धोतराचा सोगा अडकतो, आणि ते आहेराच्या ताटांवर पडतात. हे साधारण चाळिसाव्या मिनिटाला. ताटांचा खणखणाट आणि त्यावर सगळ्या मांडवाचं हसू.

मी लावलं. काका पुढे निघाले. आणि ताटं खणखणली, सगळा मांडव खो-खो हसला. काका अजून ताठ उभे होते, हात जोडलेले होते, चेहऱ्यावर वराच्या चुलत्याचं तेज होतं. मग दीड सेकंदाने काका पडले, निःशब्द शांततेत.

"आधी हसले आणि मग पडले?" बायको म्हणाली. "हे भाऊबंदकीसारखंच झालं."

कॉफी गार झाली. मला कळेना, की दोन्ही टोकं जुळतात, उखाणा जुळतो, मग मध्येच काका कसे चुकतात? पुन्हा पहिल्यापासून, मूळ फाइल घेऊन, दर दोन-तीन मिनिटांवर तपासत गेलो. चाळीस मिनिटांपर्यंत फरक शून्य. काका पडले आणि लगेच दोन सेकंद. पुढे अर्धा तास दोनच सेकंद, थोडासुद्धा जास्त नाही. मग एकदम तीन पूर्णांक दोन. मग पुन्हा सपाट. मग एकदम पाच. घड्याळ हळूहळू मागे पडत नव्हतं. तीन ठिकाणी कुणीतरी काटा हाताने ओढला होता. उतार नव्हता, जिना होता. उखाणा माझ्या उतारावर जुळला तो निव्वळ नशिबाने.

त्या तीन जागी काय होतं ते कळल्यावर मी संगणकावरचा राग मागे घेतला. तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये अडीचशे मीटर फीत असते, सेकंदाला अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगाने सरकणारी. चित्र तिच्यावर तिरप्या रेघांत लिहिलेलं असतं, ते वाचायला एक ढोल गरगर फिरत असतो. आवाज मात्र कडेने सरळ एका ओळीत जातो, त्याला वाचणारं डोकं वेगळं, जरा पुढे बसवलेलं. एकाच फितीवर राहून दोघांचे पत्ते निराळे. (थिएटरातल्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवरही असंच असतं, चित्रापेक्षा त्याचा आवाज सुमारे वीस फ्रेम पुढे छापतात, कारण प्रोजेक्टरात आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली बसतो.) फीत झिजली की आधी चित्र सटपटतं. कॅसेट उतरवताना संगणकाला सटपटलेली फ्रेम ओळखता आली नाही, तर तो ती सोडून देतो. आवाज दुसऱ्या वायरने साउंड कार्डात शिरलेला असतो, तो काही सोडत नाही. चित्र तेवढं आखूड होतं आणि आवाज कायमचा मागे राहतो. पाच सेकंद म्हणजे पंचवीस गुणिले पाच, एकशे पंचवीस फ्रेम. त्या कुठे गेल्या याचा तपास मग सोपा होता.

पन्नास फ्रेम काकांवर गेल्या. १९९० ते २००४ या चौदा वर्षांत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही काका दाखवले. मागे घेऊन दाखवले. स्लो करून दाखवले. पोरं एकेका दुपारी वीस वीस वेळा त्यांना पाडत. अडीचशे मीटर फितीतला तेवढाच वीतभर भाग आम्ही खरवडून काढला होता.

तीस फ्रेम सत्तराव्या मिनिटाला गेल्या. तिथे हळदीकुंकू चाललंय आणि निळ्या साडीतली एक मुलगी वळून बघते. हे चित्र कुणीतरी वारंवार पॉज करून ठेवत असे. पॉज केलं की फीत थांबते पण ढोल फिरतच राहतो, त्याच जागेला घासत. कुणी ते मी सांगत नाही, कारण मेव्हण्याचं लग्न पुढे दुसरीकडे झालं.

उरलेल्या पंचेचाळीस फ्रेम जिलेबीच्या पंगतीत गेल्या. तिथे व्हीसीआरने कॅसेट खाल्ली होती. मीच पेन्सिलीने फीत ओढून बाहेर काढली, कात्रीने दोन टोकं कापली आणि सेलोटेपने चिकटवली होती, आणि ही गोष्ट बायकोला आज हा लेख वाचून कळेल.

निदान झाल्यावर उपाय दोन. जिथे फ्रेम गेल्या तिथला आवाज कापायचा, किंवा गेलेल्या फ्रेमच्या जागी शेजारचीच फ्रेम पुन्हा पुन्हा भरायची. मी आधी आवाज कापून बघितला. काका वेळेवर पडले, पण हसण्याचा नेमका चढता भाग गेला. ते बायकोला मंजूर नव्हतं. तिथे तिची आजी हसते, मोठ्याने, आणि आजीचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. मग फ्रेम भरायचं ठरलं. काकांच्या पडण्याच्या मधली एक फ्रेम घेतली आणि तिच्या पन्नास प्रती लावल्या. आता थोरले काका वायरीला अडखळतात, हवेत जातात आणि पुरे दोन सेकंद तिथेच राहतात. हात जोडलेले, टोपी कपाळापासून चार बोटं वर, धोतर निशाणासारखं फडकलेलं. मग ताटं, मग खणखणाट, मग हसू, आणि त्यात आजी. मूळ प्रसंगापेक्षा हा चांगला झालाय, असं घरात सर्वांचं मत पडलं. निळ्या साडीवाली एक सेकंदापेक्षा थोडी जास्त वळून बघते. त्यावर कुणी मत दिलं नाही.

पुढचे तपशील थोडक्यात. भाच्याला परत फाइल पाठवायची होती, तेव्हा आम्ही त्याला लिहून दिलं, की फ्रेम रेट पंचवीस आहे, पंचवीसच ठेव. मोबाइलवरचे जुने-नवे व्हिडिओ लग्नाच्या फाइलला जोडले, तर त्यांनी आणखी एक गंमत केली. मोबाइल अंधारात फ्रेम कमी घेतो आणि उजेडात जास्त, म्हणजे त्याच्या घड्याळाचे तास एकसारखेच नसतात. ते सगळे आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर आणून घ्यावे लागले. त्यात एक रविवार गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये पस्तीस-चाळीस माणसं. फाइल टीव्हीवर लावली. नारळ फुटला आणि माझ्या पोटात गोळा आला. आवाज मागे होता. अगदी थोडा, पण होता. महिनाभर मिलिसेकंदांत राहिलेल्या माणसाचा कान फसत नाही. मी लॅपटॉपकडे धावलो, जे दाबायला लागलो. बायको शांतपणे उठली, मुलाने हौसेने लावलेल्या ब्लूटूथ स्पीकरची पिन काढली आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज चालू केला. ब्लूटूथवरून आवाज जायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, हे मी तिला कधीतरी बडबडताना सांगितलं होतं. तिने ते ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पुढे उखाणा आला तेव्हा तिने तिकडे बघितलं नाही, थोरल्या काकांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून हसली.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल, तर ती या आठवड्यात खाली काढा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये काम थांबवलं, आणि चालू स्थितीतला व्हीसीआर जवळ असलेला माणूस आता शोधून काढावा लागतो. उतरवून आणलेली फाइल पाच मिनिटं बघून "छान आलंय" म्हणू नका. नारळ बघा, गाडीचं दार बघा, आणि मधलंही बघा. कॅसेट टाकून देऊ नका. आणि तुमच्याकडे जे कुणी धोतरात अडकून पडले असतील, त्यांचा भाग सगळ्यात आधी उतरवून घ्या. फितीचा तोच भाग सगळ्यात आधी जातो.